थंडीत कॅमेऱ्याची बॅटरी अचानक का बसते? लग्नाचे शूट, पहाटेचे फोटो आणि काश्मीरच्या सहलीआधी हे समजून घ्या

डिजिटल डेस्क, सिरसाळा (जि. बीड) : तुळशीची लग्ने लागली की गावोगावच्या फोटो स्टुडिओंचे दिवस पालटतात. परळी तालुक्यातील सिरसाळ्यासारख्या बाजारपेठेच्या गावात याच काळात लग्नाच्या ऑर्डर सुरू होतात. पहाटे ऊसतोड सुरू झालेली असते, शेजारच्या लातूर-धाराशिव पट्ट्यात येळवशीची धामधूम असते आणि धुक्यातल्या शिवाराचे फोटो काढायला हौशी मंडळीही बाहेर पडतात. आणि याच दिवसांत एक तक्रार हमखास ऐकू येते. रात्री फुल चार्ज केलेली बॅटरी पहाटे थोड्याच वेळात लाल दाखवते, कॅमेरा बंद पडतो. तीच बॅटरी काढून खिशात ठेवली आणि ऊन वर आल्यावर पुन्हा लावली, तर त्यात चार्जिंग शिल्लक असते.

बॅटरी खराब झाली का? नवीन घ्यायची का? की कॅमेऱ्यातच काही बिघाड आहे? मंगलाष्टका सुरू असताना कॅमेरा बंद पडला, तर अक्षतांचा तो क्षण पुन्हा घेता येत नाही. त्यामुळे हा प्रश्न छोट्या स्टुडिओवाल्यासाठी पैशांचा आहे आणि नावाचाही.

थोडक्यात

- थंडीत बॅटरीतील वीज नाहीशी होत नाही. ती बाहेर येण्याचा वेग कमी होतो.
- बीड जिल्ह्यातील थंडीत चांगली बॅटरी सहसा दगा देत नाही. जुनी, थकलेली बॅटरी मात्र उघडी पडते.
- इथल्या हिवाळ्यात कॅमेऱ्याला जास्त धोका गारठ्यापेक्षा दवाचा आहे.
- बॅटरी गरम करण्यासाठी शेकोटी, चूल किंवा हीटर वापरणे घातक ठरू शकते.

सिरसाळ्याची थंडी कॅमेऱ्यासाठी 'थंडी' आहे का?

बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत वापरासाठी ० ते ४० अंश सेल्सिअस ही मर्यादा दिलेली असते. काही मॉडेल उणे १० अंशांपर्यंत चालतात. मराठवाड्यात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा साधारण १० अंशांच्या आसपास उतरतो. थंडीची लाट आली की तो आणखी खाली जातो. शेजारच्या परभणीत काही हिवाळ्यांत पारा पाच अंशांखाली गेल्याच्या नोंदी आहेत. तरीही पारा शून्याच्या वरच राहतो. म्हणजे कागदावर पाहिले तर इथली थंडी कॅमेऱ्याच्या मर्यादेतच बसते.

एक आकडा पाहिला की अंदाज येतो. अनेक स्टुडिओंमध्ये वर्षानुवर्षे वापरला गेलेला कॅनन ५डी मार्क ३ हा कॅमेरा घ्या. कंपनीच्या माहितीनुसार एका चार्जिंगमध्ये तो २३ अंशांना सुमारे ९५० आणि शून्य अंशाला सुमारे ८५० फोटो काढतो. तापमान २३ अंशांनी घसरले, पण फोटोंची संख्या घटली साधारण दहा टक्क्यांनी. हा हिशेब नव्या, चांगल्या बॅटरीचा आहे. सिरसाळ्यात पहाटे १० अंश असताना नव्या बॅटरीला बसणारा फटका याहूनही कमी असणार.

मग पहाटे कॅमेरे बंद का पडतात? याचे उत्तर बॅटरीच्या वयात आहे.

बॅटरीच्या आत नेमके काय होते?

हिवाळ्यात खोबरेल तेलाची बाटली आठवा. बाटली भरलेली असते, पण उपडी केली तरी तेल बाहेर येत नाही. तेल संपलेले नसते, थिजलेले असते. बाटली थोडा वेळ उन्हात ठेवली की तेच तेल पुन्हा वाहू लागते. कॅमेऱ्याच्या बॅटरीचेही काहीसे असेच आहे. फरक एवढाच की, बॅटरीतील द्रव थिजत नाही, घट्ट होतो.

आजच्या कॅमेऱ्यांत लिथियम-आयन बॅटरी असते. सोनी कंपनीने १९९१ मध्ये ती पहिल्यांदा बाजारात आणली. या तंत्रज्ञानासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. या बॅटरीत दोन बाजूंना दोन थर असतात आणि मध्ये एक द्रव. बॅटरी वापरात असताना लिथियमचे भारित कण, म्हणजे आयन, ग्रॅफाइटच्या थरातून निघून या द्रवातून पलीकडच्या थरात जातात. त्यातूनच वीज मिळते.

तापमान उतरले की हा द्रव घट्ट होतो आणि कणांची ये-जा मंदावते. तांत्रिक भाषेत बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. रोध वाढला की कॅमेऱ्याने जोर लावताच व्होल्टेज खाली येते. कॅमेरा 'बॅटरी संपली' हे ठरवतो ते मुख्यतः व्होल्टेज पाहून. ठरावीक पातळीच्या खाली व्होल्टेज गेले की तो स्वतःला बंद करून घेतो.

समजण्यासाठी एक साधे गणित करू. अर्धी-अधिक वापरलेली एक बॅटरी ६.९ व्होल्ट देते आहे आणि कॅमेरा ६.५ व्होल्टला बंद होतो, असे धरा. फोकस मोटर, शटर आणि स्क्रीन मिळून १.५ अँपिअर वीज ओढतात. बॅटरीचा रोध ०.२ ओहम असेल, तर ०.३ व्होल्टची घट होते. उरतात ६.६ व्होल्ट आणि कॅमेरा चालू राहतो. थंडीमुळे किंवा वयामुळे हाच रोध ०.४ ओहम झाला, तर घट ०.६ व्होल्ट होते. उरतात ६.३ व्होल्ट आणि कॅमेरा बंद! बॅटरीत वीज तेवढीच आहे, पण कॅमेऱ्याला ती संपल्यासारखी दिसते.

बॅटरी जुनी झाली की तिचा रोध आधीच वाढलेला असतो. दिवसा २८-३० अंशांत हे लक्षात येत नाही. पहाटे १० अंशांत थंडीचा रोध त्यात मिसळतो आणि ती बॅटरी पातळीखाली जाते. म्हणून एकाच मंडपात, एकाच थंडीत एकाचा कॅमेरा चालतो आणि दुसऱ्याचा बंद पडतो. स्वस्तातल्या डुप्लिकेट बॅटरींवर क्षमतेचा आकडा मोठा छापलेला असला, तरी आतील सेलचा दर्जा तसाच असेल याची खात्री नसते. त्या अशा वेळी आधी हात टेकतात.

आपली बॅटरी थंडीने बसली की वयाने? घरीच करा चाचणी

नवीन बॅटरीवर खर्च करण्याआधी ही चाचणी करता येते. तिला पैसे लागत नाहीत.

बॅटरी पूर्ण चार्ज करा. दुपारी सावलीत कॅमेरा व्हिडिओ मोडवर ठेवून बंद पडेपर्यंत किती मिनिटे चालतो ते मोजा. क्लिप ठरावीक वेळेनंतर आपोआप थांबत असेल, तर लगेच पुन्हा सुरू करा. दुसऱ्या दिवशी तीच बॅटरी पुन्हा पूर्ण चार्ज करून पहाटे उघड्यावर, त्याच सेटिंगवर हीच चाचणी घ्या. कॅमेरा आणि बॅटरी अर्धा तास बाहेर गार होऊ द्या आणि मगच सुरुवात करा.

दोन्ही वेळांत थोडाच फरक आला, तर बॅटरी चांगली आहे. पहाटेचा वेळ दुपारच्या निम्म्यावर आला, तर ती बॅटरी थकली आहे. तिला मुख्य कामातून काढून राखीव ठेवावे. दुपारीही ती लवकर संपत असेल, तर थंडीचा त्यात काही दोष नाही, बॅटरीच बदलायला हवी.

अनेक कॅमेऱ्यांत बॅटरीची तब्येत मेन्यूतच दिसते. कॅननच्या बऱ्याच मॉडेलमध्ये 'रिचार्ज परफॉर्मन्स' या नावाने तीन पट्ट्या असतात. निकॉनच्या अनेक कॅमेऱ्यांत 'बॅटरी एज' ० ते ४ अशी दाखवली जाते. ० म्हणजे नवी, ४ म्हणजे बदलण्यायोग्य. प्रत्येक बॅटरीवर चिकटपट्टी लावून क्रमांक आणि खरेदीचा महिना लिहिला, तर कोणती कधी दगा देते हे एका हंगामात कळते.

फ्लॅशचे सेल आणि ड्रोन

लग्नाच्या शूटमध्ये फ्लॅशला अनेकदा चार पेन्सिल सेल लागतात. किराणा दुकानात मिळणारे साधे अल्कलाइन सेल थंडीत सर्वांत आधी ढेपाळतात, कारण त्यांच्यातील द्रव पाण्याचा असतो. फ्लॅश पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो आणि नेमका पुढचा फोटो काळा येतो. त्याऐवजी रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल थंडीत बरेच चांगले चालतात. एकदाच वापरायचे लिथियम पेन्सिल सेलही मिळतात. ते महाग असतात, पण उणे ४० अंशांपर्यंत चालतील असे बनवलेले असतात. हिमालयात जाणाऱ्यांना ते उपयोगी, सिरसाळ्यातल्या वरातीला रिचार्जेबल सेल पुरेसे.

ड्रोनच्या बाबतीत जास्त सावध राहावे लागते. कॅमेरा बंद पडला तर फोटो जातो. ड्रोनची बॅटरी हवेत बसली, तर तो पाहुण्यांच्या डोक्यावर येऊ शकतो. उड्डाण घेताना ड्रोन एकदम खूप वीज ओढतो आणि गार बॅटरीचे व्होल्टेज झपकन पडते. म्हणून पहाटेच्या प्री-वेडिंग शूटला ड्रोनची बॅटरी आधी खोलीच्या तापमानाला असावी. उडवल्यावर मिनिटभर जमिनीपासून थोड्या उंचीवर एकाच जागी तरंगत ठेवावा, म्हणजे बॅटरी स्वतःच्याच कामाने गरम होते. थंडीत परतीचा प्रवासही नेहमीपेक्षा लवकर सुरू करावा.

खरा धोका दवाचा

मराठवाड्याच्या हिवाळ्याचे वैशिष्ट्य म्हणजे दिवस आणि रात्रीतील मोठा फरक. दुपारी ऊन चटके देते आणि पहाटे दात वाजतात. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असली की जमिनीची उष्णता रात्री झपाट्याने निघून जाते. त्यात पाणी दिलेले उसाचे फड किंवा माजलगाव धरणासारख्या मोठ्या जलाशयाचा काठ असला की पहाटे धुके आणि दव ठरलेले.

गार कॅमेरा उबदार, दमट जागी नेला की त्यावर पाण्याचे बारीक थेंब जमतात. फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला घाम फुटतो, तसेच. खोलीत २२ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर साधारण १४ अंशांपेक्षा गार असलेल्या कोणत्याही वस्तूवर दव जमते. पहाटेच्या १० अंशांतून आलेला कॅमेरा यात सहज बसतो. आचाऱ्याच्या भट्टीजवळ, भाताची वाफ कोंडलेल्या जागी किंवा माणसांनी गच्च भरलेल्या खोलीत तर हे आणखी लवकर होते.

लेन्सच्या पुढच्या काचेवरचे दव दिसते. पण तोच ओलावा लेन्सच्या आत, सेन्सरसमोर आणि बॅटरीच्या टोकांवरही जाऊ शकतो. टोके गंजतात, आतली सर्किट बिघडतात आणि ओलसर लेन्स बॅगेत बंद राहिली की काचेवर बुरशी चढते. ती साफ करणे खर्चाचे असते आणि प्रत्येक वेळी पूर्ण निघतेच असे नाही.

यावर उपाय अगदी साधा आहे. बाहेरून आत येण्याआधी, थंडीतच, कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बंद करावे. झिपची पिशवी उत्तम, नाहीतर साधी स्वच्छ कॅरीबॅगही चालते. मग आत आणून अर्धा ते एक तास तशीच ठेवावी. दव पिशवीच्या बाहेरच्या बाजूने जमते आणि कॅमेरा कोरडा राहून हळूहळू खोलीच्या तापमानाला येतो. फोटो लगेच हवे असतील, तर मेमरी कार्ड पिशवीत घालण्याआधीच काढून घ्यावे.

लेन्सवर दव आलेच, तर उपरण्याने किंवा शर्टाच्या टोकाने पुसू नये. ऊसपट्ट्यातील आणि मातीच्या रस्त्यांवरील बारीक धूळ ओल्या काचेवर चिकटते आणि पुसताना ओरखडे पडतात. आधी ब्लोअरने धूळ उडवावी, मग लेन्सच्या कापडाने टिपावे. दव पूर्ण सुकेपर्यंत लेन्स बदलू नये.

ताऱ्यांचे फोटो काढणाऱ्यांसाठी थंडी फायद्याचीही आहे. सेन्सर गार असला की लांब एक्स्पोजरमध्ये येणारे रंगीत ठिपके कमी होतात. दरवर्षी १३-१४ डिसेंबरच्या सुमारास मिथुन राशीतून होणारा जेमिनिड्स उल्कावर्षाव गावाच्या अंधाऱ्या शिवारातून छान दिसतो. मात्र रात्रभर आकाशाकडे रोखलेली लेन्स हवेपेक्षाही गार होते आणि तिच्यावर दव धरते. लेन्सला हूड लावणे आणि दर वीस-पंचवीस मिनिटांनी टॉर्चने काच तपासणे एवढे केले, तरी रात्र वाया जात नाही.

हे चुकूनही करू नका

बॅटरी गार झाली म्हणून ती शेकोटीजवळ, चुलीच्या कडेला, गाडीच्या बोनेटवर किंवा हीटरसमोर ठेवणे धोक्याचे आहे. लिथियम-आयन बॅटरी एका बाजूने जास्त तापली, तर आतील थरांमधला पातळ पडदा खराब होऊन शॉर्टसर्किट होऊ शकते. बॅटरी फुगते आणि क्वचित पेटही घेते. हेअर ड्रायरची गरम हवाही नको. बॅटरीला शरीराची ऊब पुरेशी आहे. शर्टाच्या आतल्या खिशात पंधरा-वीस मिनिटे ठेवली, तरी तिच्यातील अडकलेली बरीचशी वीज पुन्हा वापरता येते.

खिशात ठेवतानाही एक काळजी घ्यावी. बॅटरीच्या उघड्या टोकांना नाणी किंवा किल्ल्या लागल्या, तर शॉर्टसर्किट होते. बॅटरीचे प्लास्टिकचे झाकण लावूनच ठेवावी. फुगलेली बॅटरी दाबून कॅमेऱ्यात बसवू नये, चार्जही करू नये.

चार्जिंग कधी करावे?

वापरताना सोसेल एवढी थंडी चार्जिंगला सोसत नाही. शून्याखाली गार असलेली बॅटरी चार्ज केली, तर लिथियमचे कण थरात शिरण्याऐवजी वरच धातूच्या रूपात साचतात. त्यामुळे क्षमता कायमची घटते आणि आत शॉर्टसर्किटचा धोका वाढतो. वापराने आलेला थंडीचा परिणाम ऊब मिळाली की जातो, हे नुकसान मात्र भरून येत नाही.

सिरसाळ्यात पारा शून्याखाली जात नसल्याने हा धोका इथे नाही. तरी पहाटे बाहेरून आणलेली बॅटरी लगेच चार्जरला लावण्याऐवजी अर्धा तास घरात राहू द्यावी. विजेच्या वेळापत्रकाचा भरवसा नसेल, तर शूटच्या आदल्या संध्याकाळीच सगळ्या बॅटरी भरून ठेवाव्यात.

काश्मीर, लडाखला जाणाऱ्यांसाठी

गुलमर्ग, स्पिती किंवा लेहला हिवाळ्यात जाणाऱ्या मराठी पर्यटकांसाठी मात्र गणित बदलते. तिथे रात्री पारा शून्याच्या बराच खाली असतो. उणे १० ते उणे २० अंशांत चांगल्या बॅटरीचीही क्षमता लक्षणीय घटते. कॅमेऱ्याची स्क्रीन संथ होते, मोबाइल तर चार्जिंग शिल्लक असतानाही बंद पडतो.

गिर्यारोहकांनी यावर मार्ग काढलेला आहे. उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेच्या गिर्यारोहकांनी मे २०१२ मध्ये एव्हरेस्ट आणि मे २०१९ मध्ये कांचनजुंगा सर केले. अशा उंचीवर मे महिन्यातही पारा उणे २० अंशांच्या आसपास किंवा त्याखाली असतो. शिखरावर पोहोचल्याचा पुरावा म्हणजे फोटो, त्यामुळे तिथे बॅटरी बसून चालत नाही. गिर्यारोहणातील रुळलेली पद्धत अशी : बॅटरी जॅकेटच्या आत अंगाला लागून ठेवायची, फोटो काढायच्या वेळीच कॅमेऱ्यात घालायची आणि रात्री झोपताना स्लीपिंग बॅगमध्ये सोबत घ्यायची. एक बॅटरी कॅमेऱ्यात, एक उबेत, आणि दोघींची आलटूनपालटून अदलाबदल.

विमानाने जाताना सुट्या लिथियम बॅटरी चेक-इन सामानात टाकता येत नाहीत. त्या हातातल्या बॅगेतच न्याव्या लागतात. १०० वॅट-तासांपर्यंतच्या बॅटरीला सहसा अडचण येत नाही. कॅमेऱ्याची नेहमीची बॅटरी १३-१६ वॅट-तासांची असते.

थंडीपुढे बॅटरी किती हतबल होते, याचे सगळ्यांनी पाहिलेले उदाहरण चांद्रयान-३ चे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरलेले विक्रम लँडर आणि प्रज्ञान रोव्हर सप्टेंबरच्या सुरुवातीला निद्रावस्थेत टाकण्यात आले. पृथ्वीवरच्या सुमारे १४ दिवसांएवढी रात्र आणि उणे १०० अंशांच्याही खालची थंडी सोसून ते जागे होतात का, याकडे देशाचे लक्ष होते. इस्रोने संपर्काचा प्रयत्न केला, पण प्रतिसाद आला नाही. मोहीम मुळातच एका चांद्रदिवसापुरती आखलेली होती आणि ती यशस्वीही झाली होती.

बॅटरीचा मोठा शत्रू उन्हाळा

बीड जिल्ह्यातील फोटोग्राफरने हिवाळ्याइतकीच, किंबहुना जास्त काळजी एप्रिल-मेची करायला हवी. थंडीचा परिणाम तात्पुरता असतो, उष्णतेचा कायमचा. पारा ४० अंशांच्या पुढे असताना काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीतले तापमान त्याहून कितीतरी वर जाते. तिथे ठेवलेली पूर्ण चार्ज बॅटरी आतून वेगाने म्हातारी होते. डिसेंबरच्या पहाटे जी बॅटरी बसते, तिचे आयुष्य बहुधा आधीच्या मे महिन्यातच घटलेले असते.

हंगाम नसताना बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवू नये. साधारण निम्मी चार्ज करून कोरड्या, गार जागी ठेवावी. उन्हाळ्यातल्या लग्नात त्या गाडीत न ठेवता मंडपात, सावलीतल्या बॅगेत असाव्यात.

शूटला निघण्याआधी

- कमीत कमी दोन चांगल्या बॅटरी सोबत. थकलेली बॅटरी तिसरी म्हणून.
- राखीव बॅटरी झाकण लावून आतल्या खिशात.
- काम नसताना स्क्रीन आणि वायफाय बंद. कॅमेरा सतत चालू-बंद करण्यापेक्षा स्लीप मोडवर.
- लाल दाखवणारी बॅटरी फेकू नका. ऊब देऊन शेवटच्या काही फोटोंसाठी ठेवा.
- बॅगेत दोन झिपच्या पिशव्या, सिलिका जेलच्या पुड्या, ब्लोअर आणि लेन्सचे कापड.
- मुख्य विधीच्या दहा मिनिटे आधी, कॅमेरा कितीही चार्जिंग दाखवत असला तरी, उबेतली भरलेली बॅटरी लावा.

यातली शेवटची सवय सर्वांत कामाची आहे. अर्धी उरलेली बॅटरी नंतर जेवणाच्या पंगतीचे फोटो काढायला वापरता येते. मंगलाष्टका मात्र बॅटरी बदलण्यासाठी थांबत नाहीत.